ऑफिसचा लॅपटॉप तीन वर्षांनी बदलायचा हे ठरवलं कोणी?

मी चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आयटी बघतो. नेटवर्क, सर्व्हर, ईआरपी म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार नोंदायचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, सीसीटीव्ही, सगळं आलं त्यात. गेल्या काही वर्षांत या कामात एक नवीन भर पडलीये, ती म्हणजे मोठ्या कस्टमरकडून येणाऱ्या सस्टेनेबिलिटीच्या एक्सेल शीट भरून देणं. सेबीने २०२२-२३ पासून मार्केट कॅपनुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर नावाचा रिपोर्ट सक्तीचा केलाय, त्यात वीज किती लागली, पाणी किती, कचरा किती, उत्सर्जन किती हे सगळं मांडावं लागतं, आणि मग या कंपन्या तेच प्रश्न त्यांच्या सप्लायरना विचारतात. म्हणजे आम्हाला. त्यात एक रकाना आयटीचा असतो आणि तो फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो.

बहुतेक ठिकाणी त्या रकान्यात काय लिहिलं जातं ते मला माहितीये, कारण इतर कंपन्यांतल्या आयटीवाल्या मित्रांशी बोलणं होतंच. पेपरलेस केलं, क्लाउडवर गेलो, एनर्जी स्टारचे, म्हणजे कमी विजेचा शिक्का असलेले मॉनिटर घेतले, आणि जुनी मशीन काढून नवीन कमी वीज खाणारी मशीन घेतली. हे शेवटचं वाक्य वाचलं की मला खरंच त्रास होतो. कारण लॅपटॉपच्या बाबतीत ते बहुतेक वेळा उलटं आहे. चालणारा लॅपटॉप काढून नवीन घेणं हे आयटीवाला पर्यावरणाचं जे काही नुकसान करू शकतो त्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात सहज टाळता येण्यासारखं नुकसान आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते का ते जरा आकड्यांनिशी सांगतो.

लॅपटॉप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्या प्रत्येक मॉडेलचं कार्बन फूटप्रिंट जाहीर करतात, दोन-चार पानांची पीडीएफ असते, मॉडेलचं नाव टाकून शोधलं की मिळते. साधारण चौदा-पंधरा इंची बिझनेस लॅपटॉपचं बघितलं तर नुसता तो बनवण्यातच २०० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. बऱ्याच मॉडेल्समध्ये आयुष्यभराच्या एकूण उत्सर्जनापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा फक्त उत्पादनाचा दिसतो. चिप बनवायला प्रचंड वीज लागते, अतिशुद्ध पाणी लागतं, आणि फ्लोरिनवाले वायू लागतात, त्यातला सल्फर हेक्झाफ्लोराइड तर कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पट तापमान वाढवणारा आहे. शिवाय स्क्रीन, मदरबोर्ड, बॅटरीतलं लिथियम आणि कोबाल्ट, त्यांचं खाणकाम. हे सगळं लॅपटॉप आपल्या हातात यायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. आपण बॉक्स उघडतो तेव्हा मोठं बिल आधीच फाटलेलं असतं.

आता कोणी म्हणेल की हे आकडे युरोप-अमेरिकेच्या विजेवर काढलेत, आपल्याकडची वीज कोळशाची. बरोबर आहे, आणि हा मुद्दा मलाही महत्त्वाचा वाटतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. महाराष्ट्राची वीज म्हणजे एका बाजूला कोयनेचं पाणी आहे, पण दुसऱ्या बाजूला चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, कोराडी, खापरखेडा, भुसावळ. म्हणून आपल्यापुरता हिशोब आपणच करून बघू. कामावर असलेला लॅपटॉप साधारण २० वॅट घेतो, प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर हजार-बाराशेत मिळतो, लावून बघा. रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ६० युनिट. गुणिले ०.७, म्हणजे वर्षाला ४२ किलो. म्हणजे कोळशाच्या विजेवरसुद्धा तो लॅपटॉप जवळपास पाच वर्षं रोज दहा तास वापरला तेव्हा कुठे विजेचा आकडा बनवण्याच्या आकड्याला गाठतो.

आणि नवीन मशीन कमी वीज खातं म्हणून बदला हे जे सांगतात, तेही करून बघा. समजा नवीन लॅपटॉप पाच वॅट कमी घेतो, मी खूप उदारपणे धरतोय. वर्षाला १५ युनिट वाचले, म्हणजे साधारण १० किलो. तो बनवायला २०० किलो गेले. म्हणजे वीस वर्षं वापरल्यावर हिशोब फिटणार. वीस वर्षं कोण वापरणारे?

डेस्कटॉपचं मात्र गणित वेगळंय आणि दोघांना एकाच मापाने मोजू नये. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून ६० ते ८० वॅट सहज घेतात, त्यामुळे त्याच्या विजेचा वाटा बराच मोठा होतो. आणि त्यातली सगळ्यात वाईट वीज म्हणजे रात्रीची. ऑफिस सुटल्यावर मॉनिटर बंद करतात आणि कॉम्प्युटरचा डबा तसाच चालू ठेवतात, का तर रात्री अँटिव्हायरस स्कॅन होतो, अपडेट येतात, कोणाला घरून रिमोट घ्यायचा असतो, आणि बऱ्याच जणांना सकाळी चालू व्हायची वाट बघायची नसते. समजा १०० डेस्कटॉप आहेत आणि प्रत्येक मशीन नुसतं बसून ४० वॅट घेतंय, रात्रीचे चौदा तास. एका रात्रीत ५६ युनिट. वर्षाच्या ३०० रात्री धरल्या, रविवारचे दिवस सोडूनच दिले, तरी १६,८०० युनिट, म्हणजे जवळपास १२ टन कार्बन आणि नऊ रुपयाने धरलं तरी दीड लाखाचं बिल. कोणीही समोर बसलेलं नसताना. यावर उपाय फुकटचा आहे, ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या मशीनना एकाच जागेवरून सेटिंग लावायची जी सोय असते तिच्यातून, अर्ध्या तासाने स्लीप लावा, स्लीपमध्ये मशीन दोन-तीन वॅटवर येतं, आणि अपडेटसाठी आठवड्यातली एक रात्र ठरवून वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून इशारा पाठवून सगळी उठवा, काम झालं की परत झोपवा. आमच्याकडे हे करताना एकच विरोध झाला, सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनना प्रोग्राम पाठवणारे जे पीसी आहेत ते रात्रपाळीत झोपून चालत नाहीत, ते पॉलिसीतून वगळले, विषय संपला.

आता मूळ प्रश्नाकडे. हे तीन वर्षं आलं कुठून?

मी आमच्या अकाउंट्समधल्या काकांना हेच विचारलं, की काका, लॅपटॉप तीन वर्षांनी राइट ऑफ करायचा हे कुठे लिहिलंय. त्यांनी लगेच दाखवलं. कंपनी कायदा २०१३, त्यातलं शेड्यूल दोन. डेस्कटॉप, लॅपटॉप वगैरेंचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं, सर्व्हर आणि नेटवर्कचं सहा वर्षं. आणि इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के, म्हणजे तीन वर्षांत पुस्तकातली किंमत पाचवा हिस्सा उरते. त्यात भर म्हणजे वॉरंटीही बहुतेक तीन वर्षांचीच घेतलेली असते. तीन आकडे एकाच जागी येऊन बसले की माणसाला वाटतं मशीनच संपलं. पण काकांनीच मला स्पष्ट सांगितलं, ते माणूस फार सरळ आहेत, की अरे हे घसाऱ्याचं आयुष्य आहे, वस्तू वापरायची बंद करा असं कायदा कुठेच म्हणत नाही. पुस्तकात किंमत नाममात्र उरली तरी वस्तू टेबलावर राहू शकते, फिक्स्ड अॅसेट रजिस्टरला नोंद राहते, बास. मोल्डिंगचं मशीन पंधरा-वीस वर्षं चालवतो आपण, त्याचा कोणी विचार करत नाही की घसारा संपला आता काढा.

हे बोलणं झाल्यावर आम्ही धोरण बदललं. तारखेवर मशीन बदलायचं नाही, त्याची अवस्था बघून ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं पण यात खरं काम आहे आणि ते आयटीवाल्यालाच करावं लागतं.

तीन-चार वर्षांच्या लॅपटॉपची तक्रार घेऊन माणूस येतो तेव्हा तो म्हणतो, स्लो झालाय, नवीन द्या. स्लो म्हणजे काय ते शोधायला हवं. नव्वद टक्के वेळा चारच कारणं असतात असा माझा अनुभव आहे. एक, अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे, तिथे एसएसडी टाकली की मशीन नवीन झाल्यासारखं पळतं. दोन, रॅम ८ जीबी आहे आणि ब्राउझरच्या वीस टॅब, टीम्स आणि एक्सेल एकत्र उघडलेत, तिथे १६ केली की प्रश्न मिटतो. तीन, बॅटरी मेलीये, आणि बॅटरी नीट वीज देत नसली की काही मॉडेल्स प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करतात, हे खूप जणांना माहिती नसतं. आणि चौथं, जे आमच्या भागात सगळ्यात जास्त, धूळ. शॉप फ्लोअरवर कूलंटची वाफ आणि धातूची बारीक पूड हवेत असते, ती फॅनमध्ये जाऊन चिकटते, तेलकट थर बसतो, हवा जात नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला हळू चालतो. उघडून साफ केला, नवीन थर्मल पेस्ट लावली की तोच लॅपटॉप परत थंड चालतो. या सगळ्याचा मिळून खर्च नवीन लॅपटॉपच्या किमतीच्या पाव भागाच्या आतच बसतो. आमच्याकडे हे सगळं काम एक आयटीआय झालेला पोरगा करतो, अतिशय स्वच्छ हात आहे त्याचा, आणि मला वाटतं कंपनीच्या पर्यावरणाच्या खात्यात त्याच्या स्क्रू ड्रायव्हरचं योगदान छतावरच्या सोलर पॅनलच्या खालोखाल धरायला हवं.

सहा वर्षं चालवला तर बनवण्याचे २०० किलो सहा वर्षांवर पसरतात, वर्षाला ३३ किलो. तीन वर्षांत काढला तर ६७. एवढ्या एका निर्णयात निम्मा फरक पडतो. म्हणून त्या कस्टमरच्या शीटमध्ये तुमच्या लॅपटॉपचं सरासरी वय किती असा प्रश्न असायला हवा असं मी दोन ठिकाणी लेखी कळवलंय. अजून तरी कोणी विचारत नाही.

आता यातली सगळ्यात अवघड गाठ म्हणजे सॉफ्टवेअर. हार्डवेअर मरत नाही, त्याला मारलं जातं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीच्या प्रोसेसरवालं जवळजवळ प्रत्येक मशीन, मग ते कितीही धडधाकट असो, एका तारखेला अधिकृतपणे असुरक्षित झालं. जगभरात अशी कोट्यवधी मशीन आहेत. मला यात सगळ्यात जास्त राग याचा येतो की त्यातल्या असंख्य मशीनवर दिवसभर फक्त एक ब्राउझर आणि एक ईआरपीची विंडो उघडी असते, त्यांना नवीन प्रोसेसरचं काहीही करायचं नसतं.

आम्ही आमच्याकडच्या विंडोज १० वाल्या मशीनचे तीन गट केले. ज्यांना विंडोज ११ चालतं त्यांना ते टाकलं, हा सोपा गट. दुसरा गट म्हणजे ज्यांना विंडोजशिवाय पर्याय नाही, अकाउंट्सचं टॅली आहे, ते विंडोजवरच चालतं, क्वालिटीमध्ये सीएमएमचं, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर आहे, ते तर एका ठराविक व्हर्जनलाच बांधलेलं आहे. यातल्या काही मशीनना पैसे देऊन वाढीव सिक्युरिटी अपडेट घेतले, कंपन्यांसाठी पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा तो दर आहे, तीन वर्षांपर्यंत मिळतो. म्हणजे हा मार्ग फक्त वेळ काढायला. सीएमएमचा पीसी मुख्य नेटवर्कपासून तोडून वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवला. आणि तिसरा गट, ज्याचं मला मनापासून समाधान आहे, शॉप फ्लोअरवरचे एंट्रीचे पीसी, स्टोअर, गेट, कँटीनचं कुपन, यांच्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम टाकली. यांची ईआरपी ब्राउझरमध्येच उघडते. पहिले काही दिवस लोक विचारत होते की स्टार्ट बटण वेगळं का दिसतंय, नंतर तेही बंद झालं. केरळात काइट नावाच्या सरकारी संस्थेमार्फत सगळ्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवालं लिनक्स चालतंय, लाखो मुलं त्यावर शिकलीत, तर आमच्या गेटवर का चालू नये?

सर्व्हर रूमचं थोडक्यात सांगतो कारण त्यात नवीन काही नाही, फक्त कोणी करत नाही. एसी १८ वर लावायची काही गरज नाही. अॅशरे या अमेरिकेतल्या संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ डिग्री ही रेंज २००८ पासून सांगून ठेवलीये. आपल्याकडे बीईई या वीज बचतीच्या सरकारी संस्थेनेसुद्धा जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाल्या रूम एसीचं डिफॉल्ट तापमान २४ केलं, आणि एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते हा त्यांचाच आकडा. फक्त यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच खोलीत असतील तर २५ च्या वर जाऊ नका, लेड अॅसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा डिग्रीला जवळपास अर्ध्यावर येतं आणि मग विजेत वाचवलेलं शिशात घालवाल. दुसरं म्हणजे यूपीएस गरजेपेक्षा चौपट मोठा घ्यायची जी सवय आहे ना, ती सोडा. क्षमतेच्या दहा-पंधरा टक्के लोडवर चालणारा यूपीएस आयुष्यभर स्वतःच्या उष्णतेतच वीज घालवत बसतो आणि ती उष्णता काढायला परत एसी.

क्लाउडबद्दल मात्र जरा बोलायला हवं. क्लाउडवर गेलो म्हणजे ग्रीन झालो असं सरसकट लिहितात. मोठ्या डेटा सेंटरमध्ये कूलिंगवर वाया जाणारी वीज आपल्या सर्व्हर रूमपेक्षा खूपच कमी असते हे खरं आहे, आणि एका सर्व्हरवर अनेकांचं काम बसवता येतं हेही खरं. पण क्लाउड कुठे आभाळात नसतो. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युर क्लाउडचं सेंट्रल इंडिया म्हणजे आपलं पुणे, २०१५ पासून. एडब्ल्यूएसचं, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन २०१६ पासून. नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे इथून जाताना दोन्ही बाजूला ज्या खिडक्या नसलेल्या इमारती दिसतात ती डेटा सेंटर आहेत, आणि त्यांची वीजही याच ग्रिडवरून येते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटरनी ४१५ टेरावॅट तास वीज वापरली आणि एआयमुळे २०३० पर्यंत ती दुपटीच्या वर जाईल. त्यामुळे आपल्या हातात जे आहे ते करायचं. कोणीतरी टेस्टिंगला चालू केलेलं आणि विसरलेलं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे क्लाउडवर भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर, शोधून बंद करायचं, प्रत्येक कंपनीत अशी पाच-दहा निघतातच. टेस्टची मशीन संध्याकाळी सातला आपोआप बंद आणि सकाळी आठला चालू, एवढं शेड्यूल लावलं तर त्यांचे तास निम्म्याहून कमी होतात आणि बिलही. आणि जुने ईमेल डिलीट करा, पृथ्वी वाचवा अशी जी पोस्टर लावतात त्यावर माणसांचा वेळ घालवू नका असं माझं म्हणणं आहे. एका ईमेलची साठवण इतकी किरकोळ आहे की शंभर लोक तासभर लॅपटॉप चालू ठेवून मेल पुसत बसले तर त्यातच जास्त वीज जाईल.

आता शेवटचा टप्पा, आणि माझ्या मते आपण सगळे इथे सगळ्यात कमी पडतो. मशीन खरंच संपलं की जातं कुठे.

बहुतेक छोट्या-मध्यम कंपन्यांत ते भंगाराच्या लिलावात जातं. लोखंडाचा बर, अॅल्युमिनियमची पूड, तुटलेले पॅलेट, आणि त्याच गाडीत कॉम्प्युटर. भंगारवाला किलोवर भाव देतो, अॅडमिनवाले खूश, कारण अधिकृत रीसायकलर कधीकधी कमी भाव देतो. पण तो जास्त भाव येतो कुठून हा विचार करायला हवा. अधिकृत माणसाला धूर गाळायची यंत्रणा, अॅसिड निष्प्रभ करायची यंत्रणा, कामगारांना मास्क आणि हातमोजे हे सगळं करावं लागतं. दुसऱ्या वाटेने गेलेला माल दिल्लीच्या सीलमपूरला, तिथून बोर्ड मुरादाबादकडे असा जातो हे वर्षानुवर्षं छापून आलंय. तिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, पीव्हीसी जळून डायऑक्सिन हवेत जातं, आणि सोन्यासाठी सर्किट बोर्ड अॅसिडमध्ये बुडवतात, उरलेलं अॅसिड नाल्यात. हे हाताने करणाऱ्यांत बाया आणि पोरं असतात. आपण दिलेल्या मशीनवर आपल्या कंपनीचा अॅसेट टॅग चिकटलेला असतो.

जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला नोंद ठेवून नीट गोळा आणि रीसायकल झालेला २२.३ टक्के, हा संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटरचा आकडा. आपल्याकडे कायदा आहे, ई-कचरा नियम २०२२, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात उत्पादकांवर दरवर्षी ठराविक टक्के माल रीसायकल करून दाखवायची जबाबदारी आहे, २०२३-२४ ला ६० टक्क्यांपासून ती २०२७-२८ ला ८० पर्यंत जाते. आणि ज्या संस्थेने वर्षात कधीही यादीतली एक हजार उपकरणं वापरली ती बल्क कन्झ्युमर, तिने कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर म्हणजे जुनं दुरुस्त करून परत वापरात आणणारा, किंवा रीसायकलरलाच द्यायचा. इथे बऱ्याच जणांची समजूत चुकते. एक हजार म्हणजे एक हजार लॅपटॉप असं धरून लोक म्हणतात आपण त्यात येत नाही. यादीत शंभराच्या वर प्रकार आहेत, मॉनिटर, प्रिंटर, फोन, एसी, फ्रिज, ट्यूबलाइटी सगळं धरून मोजायचंय. कारखाना असेल तर एकदा मोजून बघाच.

अधिकृत रीसायकलरची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. छोट्या ऑफिसांना आणि दुकानांना पुण्यात स्वच्छ संस्थेचा आधार आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांची संघटना म्हणून उभी आहे आणि तिच्यातून २००८ मध्ये स्वच्छ ही सहकारी संस्था झाली, ही संस्था ई-कचराही गोळा करते. आपला दोन-चार कीबोर्ड आणि एक जळलेला राउटर एवढाच माल असेल तर तो ओल्या-सुक्यात घालू नका, तिथे द्या.

एक अडचण खरी आहे ती डेटाची. मालक म्हणतात डिस्क फोडा, आपली ड्रॉइंग बाहेर गेली तर कस्टमर जाईल. म्हणून चांगल्या एसएसडी ड्रिलने भोकं पाडून टाकल्या जातात, आणि डिस्क नाही म्हणून बाकीचं धडधाकट मशीनही कोणी वापरायला घेत नाही. यावर उपाय आहे. लॅपटॉप पहिल्या दिवसापासून विंडोजमधल्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद ठेवायचा, काढताना डिस्क उत्पादकाच्या टूलने सिक्युअर इरेज करायची, एन्क्रिप्शनची किल्ली नष्ट करायची, सिरियल नंबरसकट नोंद ठेवायची. एवढं केल्यावर त्यातून काही निघत नाही. एसएसडीवर वरून शून्यं लिहीत बसायची जुनी पद्धत मात्र पुरेशी नाही, कारण एसएसडी आतल्या आत जागा बदलत असते. आमच्या मालकांना हे नीट समजावून सांगितलं, एक पुसलेली डिस्क रिकव्हरीवाल्याकडे देऊन दाखवली, तेव्हा त्यांनी ड्रिल बंद केलं. आणि शाळेला दान करायचं असेल तर चालणारं, बॅटरी धरणारं, चार्जरसकट द्या. बंद पडलेली मशीन जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन ठेवणं म्हणजे आपला ई-कचरा मास्तरांच्या गळ्यात घालणं आहे, त्यांना तो कायद्याने काढताही येत नाही धड.

आणि हे सगळं सोपं होणार की अवघड ते खरेदीच्या दिवशीच ठरतं. पातळ लॅपटॉप घ्यायचा मोह होतो, साहेबांना हातात छान दिसतो, पण त्यात बहुतेकदा रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि बॅटरी चिकटवलेली. तो तीन वर्षांनी वाढवता येत नाही, टाकावाच लागतो. म्हणून आता आमच्या चौकशीतच अटी टाकतो, रॅमचा एक स्लॉट मोकळा हवा, एसएसडी बदलता यायला हवी, बॅटरी स्क्रूने निघायला हवी, दुरुस्तीचं मॅन्युअल सगळ्यांना मिळायला हवं, बायोसचे, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं देणार ते लेखी हवं, आणि त्या मॉडेलचं कार्बन फूटप्रिंटचं पान कोटेशनला जोडायचं. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्त करायला किती सोपा याचे दहापैकी गुण छापावे लागतात, आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलंय, पण असे गुण अजून आपल्या खोक्यावर येत नाहीत, तोपर्यंत आपणच विचारायचं. पहिल्यांदा या अटी पाठवल्या तेव्हा एका वेंडरने फोन करून विचारलं की साहेब हे सगळं कशाला. आता तोच कोटेशनमध्ये न विचारता पाच वर्षांच्या वॉरंटीचा रेट वेगळा लिहून पाठवतो.